कादंबरी लिहिणाऱ्याला मंडळ हवे की एकांत?

अर्धविराम

गेली तीन वर्षे मी एक कादंबरी लिहीत आहे. व्यवसाय हिशेब तपासण्याचा असल्यामुळे लिहायला पहाटेचे दोन तास मिळतात, आणि त्यांतलाही अर्धा तास काल आपण कुठे थांबलो होतो ते आठवण्यात जातो. आतापर्यंत चार प्रकरणे, म्हणजे सुमारे ३८,००० शब्द झाले आहेत. वडिलांच्या मृत्यूनंतर दोन बहिणी त्यांचे सामान आवरत आहेत आणि चौथ्या प्रकरणाच्या शेवटी त्यांना एक कुलूपबंद पेटी सापडते, इथपर्यंत मी आले आहे.

गेल्या वर्षी मी पाच जणांच्या एका लेखनमंडळात जाऊ लागले. महिन्यातून एकदा आम्ही भेटतो आणि प्रत्येकाने आणलेले लिखाण वाचतो. चौथे प्रकरण मी तिथे वाचले. एकांना निवेदन प्रथमपुरुषी हवे होते, दुसऱ्यांना धाकटी बहीण आधी यायला हवी होती, तिसऱ्यांच्या मते पेटी लोखंडी नव्हे तर लाकडी असावी. मी प्रकरण पुन्हा लिहिले, पुन्हा वाचले, पुन्हा सूचना आल्या. असे चार खर्डे झाले आणि पाचव्या प्रकरणाचा पहिला शब्दही अद्याप कागदावर नाही.

माझी शंका अशी आहे. कविता किंवा कथा एका बैठकीत ऐकून होते, त्यामुळे तिच्याबद्दल मंडळ काही बोलू शकते; कादंबरीचा मात्र तिथे तुकडाच पोहोचतो, आणि तुकड्यावर दिलेला अभिप्राय सबंध कृतीला लागू पडेलच असे नाही. मग कादंबरी लिहिणाऱ्याला अशा मंडळाचा खरोखर उपयोग होतो का? होत असेल, तर नेमका कोणत्या टप्प्यावर?

मुद्राराक्षस

आधी पूर्ण करा. मजकूर हाती आलेला नसताना मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासायला बसू नये, असे आमच्या धंद्यात म्हणतात. खरे तर कुणी म्हणत नाही, पण म्हणायला हवे.

पहाटवारा

अर्धविरामताई, मंडळाचा प्रश्न नंतर पाहू. मला तुमचे दोन तास जास्त महत्त्वाचे वाटतात. इंग्रज कादंबरीकार अँटनी ट्रोलॉप पोस्टखात्यात नोकरी करत असत आणि तरीही त्यांच्या नावावर ४७ कादंबऱ्या आहेत. पहाटे साडेपाचला ते टेबलाशी बसत, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे वाचत, आणि मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द या गतीने लिहीत. कोणत्या दिवशी किती पाने झाली याची ते रोजनिशीत नोंद ठेवत, म्हणजे कोरा गेलेला दिवस त्यांच्याकडेच पाहत राहत असे. आठवण्यात जाणाऱ्या ज्या अर्ध्या तासाला तुम्ही वाया गेलेला समजता, तो त्यांच्या वेळापत्रकातच होता. तो वेळ लिहिण्याचाच भाग आहे. मी स्वतः गेली सहा वर्षे अशी नोंद ठेवतो, आणि मंडळाने जे कधी दिले नाही ते त्या वहीने मला दिले आहे.

शाईचा डाग

पहाटवारा, ट्रोलॉप यांना साडेपाचला उठवण्यासाठी एक म्हातारा नोकर होता, हेही त्यांनी त्याच आत्मचरित्रात प्रामाणिकपणे लिहिले आहे. ते सांगायचे आपल्या हातून राहून गेले असावे.

मुद्दा केवळ थट्टेचा नाही. कादंबरीकाराच्या शिस्तीच्या कथा ऐकताना तो टेबलाशी बसावा म्हणून दुसरे कोण उठले होते, हा प्रश्न मी नेहमी विचारते. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांचे उदाहरण मला त्यामुळे जवळचे वाटते. त्या एकट्या दोन मुलांना वाढवत होत्या, प्रकाशनसंस्थेत संपादकाची पूर्णवेळ नोकरी करत होत्या, आणि पहाटे उजाडण्याआधी लिहीत होत्या. त्यांची पहिली कादंबरी १९७० मध्ये आली, परंतु तिचे बीज त्याआधी काही वर्षे, त्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवत असताना, लेखकांच्या एका अनौपचारिक मंडळात पडले होते. तिथे यायचे तर काही तरी वाचायला आणावे लागे. जवळचे जुने लिखाण संपले, तेव्हा निळ्या डोळ्यांची आस लागलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीची छोटी कथा त्यांनी लिहून नेली. त्या मंडळाने तिला कोणत्या सूचना केल्या, हे मला माहीत नाही आणि त्याने काही बिघडतही नाही. महत्त्वाचे एवढेच की ठरलेल्या दिवशी रिकाम्या हाताने जायचे नव्हते, म्हणून ती कथा लिहिली गेली.

पहाटवारा

शाईचा डाग, नोकर मान्य. वहीही मागे घेतो का, ते विचार करून सांगतो.

चिकित्सक

मंडळांचे गोडवे गाताना त्यांनी केलेले नुकसानही नोंदवले पाहिजे. ऑक्सफर्डमधील ‘इंकलिंग्ज’ हे मंडळ सर्वांना ठाऊक असते. सी. एस. लुईस यांच्या महाविद्यालयातील खोलीत गुरुवारी संध्याकाळी ही मंडळी जमत आणि जे. आर. आर. टॉल्किन तिथे आपल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकादंबरीची प्रकरणे वाचत. पण त्याच मंडळातील ह्यूगो डायसन यांना ते वाचन इतके नकोसे झाले की पुढे पुढे ते हजर असले की टॉल्किन वाचत नसत. कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत बाहेर आली आणि तिचे पुढे काय झाले ते जगाने पाहिले. ज्या वाचकाच्या कंटाळ्यामुळे ते वाचन थांबले, त्याचे मत बहुमत म्हणून स्वीकारले गेले असते, तर?

दुसरी तक्रार पद्धतीबद्दल आहे. आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये लेखन-कार्यशाळा सुरू झाली आणि तिच्या धर्तीवर पुढे असंख्य निघाल्या. अशा कार्यशाळांत लेखकाने आपल्या लिखाणावरची चर्चा गप्प बसून ऐकावी, असा दंडक रूढ झाला. त्यामुळे लेखक सहनशील होतो हे मान्य. परंतु दहा जणांना एकाच वेळी न खटकणारे वाक्य लिहिण्याचे वळणही लागते, आणि असे वाक्य बहुधा निर्जीव असते. अर्धविराम यांची पेटी लोखंडाची लाकडी होऊ लागली आहे, याचे मूळ इथेच आहे.

कोरा कागद

विषयांतराबद्दल क्षमस्व. त्या पेटीत काय आहे?

शाईचा डाग

चिकित्सक, आपण अर्धीच गोष्ट सांगितलीत. टॉल्किन यांनीच पुढे एका पत्रात लिहिले आहे की लुईस यांचे त्यांच्यावरचे ऋण ‘प्रभावा’चे नव्हते, ते निखळ उत्तेजनाचे होते, कितीतरी काळ तेच त्यांचे एकमेव श्रोते होते. म्हणजे त्याच खोलीत एक कंटाळणारा होता आणि एक पुढचे प्रकरण मागणारा होता. मंडळाचे मूल्यमापन पहिल्यावरून करायचे की दुसऱ्यावरून?

चिकित्सक

दुसरा असेल, तर मंडळाची गरजच काय? एक श्रोता पुरे.

शाईचा डाग

तो एक कुठे भेटतो म्हणता? बहुधा मंडळातच.

निशाचर

एकच श्रोता हवा असेल तर रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की यांचा मार्ग अनुसरावा. १८६५ मध्ये त्यांनी एका प्रकाशकाशी असा करार करून ठेवला होता की ठरलेल्या तारखेपर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षे त्यांचे लिखाण तो प्रकाशक काही न देता छापू शकेल. १८६६ मध्ये मुदतीला महिनाही उरला नव्हता, तेव्हा त्यांनी अॅना नावाची एक लघुलेखिका नेमली आणि २६ दिवसांत कादंबरी सांगून पूर्ण केली. पुढच्याच वर्षी त्यांनी तिच्याशी विवाह केला. मंडळ नाही, सूचना नाहीत. समोर फक्त एक लिहून घेणारी व्यक्ती आणि पाठीमागे संकट.

मुद्राराक्षस

निशाचर, या उदाहरणातून नवोदितांनी करार करण्याचा बोध घेतला तरी चालेल. विवाहाचा घेऊ नये. घरच्या वाचकाला खरे बोलण्याचे स्वातंत्र्य नसते आणि खोटे पचवण्याची सोय नसते. चाळीस वर्षे मुद्रिते तपासताना अर्पणपत्रिका पुष्कळ पाहिल्या आहेत.

मंडळ म्हणजे खोलीत जमलेली माणसेच, असे येथे गृहीत धरले जात आहे, ते मात्र मला अपुरे वाटते. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यांच्या कित्येक कादंबऱ्या त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाल्या. पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचकवर्ग हेदेखील एक मंडळच होते, आणि ते कोणत्याही बैठकीपेक्षा अधिक निष्ठुर होते, कारण अंक निघण्याचा दिवस पुढे ढकलता येत नाही. अर्थात या पद्धतीचा तोटाही मोठा आहे: सातव्या प्रकरणात सुचलेल्या गोष्टीसाठी दुसरे प्रकरण दुरुस्त करता येत नाही, ते छापून वाचकांच्या घरी गेलेले असते. अर्धविरामताईंनी चौथे प्रकरण चार वेळा लिहिले. क्रमशः लिहिणाऱ्याला ही चैन, किंवा ही शिक्षा, मिळतच नाही.

त्यानंतरचे उदाहरण ‘सत्यकथा’ मासिकाचे. राम पटवर्धन संपादक असताना लेखकांशी त्यांचा जो सविस्तर पत्रव्यवहार होत असे, त्याची आठवण अजून काढली जाते. ‘साभार परत’ आलेल्या लिखाणासोबत ते का परत आले याचे कारण येणे ही त्या काळच्या लेखकाची एकट्याने चालवलेली शाळा होती. एक वाचक, पण जाणता, आणि समोर न बसलेला. चेहरा न दिसल्यामुळे लेखक वाद घालत नाही. पत्र खिशात ठेवतो, दोन दिवस चिडतो आणि तिसऱ्या दिवशी ते पुन्हा उघडतो.

चिकित्सक

आणि त्याच ‘सत्यकथे’च्या अंकाची लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी १९६९ मध्ये होळी केली, हेही सांगा. जाणता वाचक एकाच ठिकाणी असला, की त्याला न कळणारे लिखाण कुठे जाणार?

मुद्राराक्षस

ते लिखाण लघुनियतकालिकांत गेले, म्हणजे दुसऱ्या मंडळात गेले. आपण माझ्याच बाजूने बोलत आहात, याबद्दल आभारी आहे.

दुसरा मसुदा

धागा उशिरा पाहिला. माझ्या तीन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कादंबरीकाराच्या कामाचा जो भाग येथे आलेला नाही, तो वाट पाहण्याचा आहे.

पहिली कादंबरी लिहायला मला चार वर्षे लागली. प्रकाशकाकडे दिल्यानंतर अकरा महिने काहीही कळले नाही. मग होकार आला, करार झाला, मुद्रिते आली, आणि ती तपासताना मला कळले की दुसऱ्या प्रकरणात मरण पावलेला एक काका नवव्या प्रकरणात लग्नाला हजर आहे. पुस्तक निघाले त्या दिवशी लेखकाच्या प्रती घरी आल्या, मी एक हातात घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी नोकरीवर गेलो. पुढचे तीन महिने कुणी एक अक्षर बोलले नाही. कथा लिहिणाऱ्याला वर्षातून पाच-सहा वेळा प्रतिसाद मिळतो; कादंबरी लिहिणाऱ्याला पाच-सहा वर्षांतून एकदा, तोही मिळाला तर. या मधल्या काळात आपण काम करत आहोत याचा पुरावा फक्त आपल्याजवळ असतो, आणि आपण त्यावर विश्वास ठेवेनासे होतो. माझ्या मते मंडळाची खरी गरज या ठिकाणी निर्माण होते. लिखाण सुधारण्याची गरज त्याच्या मागून येते.

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्या कादंबरीच्या वेळी मी एका गटात प्रकरणागणिक वाचत गेलो. तिथल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी सुचवलेला शेवट मला फार चतुर वाटला आणि मी तो घेतला. पुस्तक छापून आल्यावर एका अनोळखी वाचकाने पत्रात विचारले, ‘शेवटची तीस पाने दुसऱ्या कुणी लिहिली आहेत काय?’ त्या सदस्यांचा दोष मुळीच नव्हता. त्यांनी जे ऐकले होते, त्या तुकड्यांना तो शेवट शोभणारा होता. माझ्या डोक्यात असलेली, पण अजून न लिहिलेली पाने त्यांनी ऐकलीच नव्हती. अर्धविरामताईंची शंका म्हणून रास्त आहे.

तिसऱ्या वेळी आम्ही चौघांनी पद्धत बदलली. खर्डा पूर्ण झाल्याशिवाय वाचायला द्यायचा नाही. तोवर भेटीत फक्त एवढेच सांगायचे की किती झाले, कुठे अडले आहे आणि पुढच्या भेटीपर्यंत किती होईल. पूर्ण खर्डा हाती आला की वाचणाऱ्याने समासात तीनच प्रकारच्या खुणा करायच्या: कुठे वाचन थांबवून हस्तलिखित बाजूला ठेवले, कुठे मागचे पान उलटून पाहावे लागले, आणि आठवड्यानंतर न पाहता कोणते प्रसंग आठवले. उपाय सुचवायला सक्त मनाई. सुरुवातीला हे फार अवघड गेले, कारण आपण सर्व लेखक असल्यामुळे दुसऱ्याचे पान दिसले की हात शिवशिवतात. पण चौघांपैकी तिघांची खूण जेव्हा एकाच पानावर पडते, तेव्हा तिथे काही तरी बिघडले आहे यावर वाद घालण्यात अर्थ उरत नाही. काय बिघडले आहे, ते बहुधा तिघांच्याही लक्षात आलेले नसते, आणि ते शोधणे हे लेखकाचे काम असते.

तीसदिवस्या

दुसरा मसुदा यांच्या ‘किती झाले’ या प्रश्नाला अनुमोदन. १९९९ मध्ये अमेरिकेत २१ जणांनी मिळून एका महिन्यात कादंबरी लिहिण्याचा जो उपक्रम सुरू केला, तो पुढे ‘नॅनोरायमो’ या नावाने जगभर पसरला. नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे दिवसाला सुमारे १,६६७. ती संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण मी एका वर्षी तो महिना पार पाडला आहे. कुणीही कुणाचे वाचत नव्हते. फक्त रात्री आकडा कळवायचा. त्या ५०,००० शब्दांपैकी आज ९,००० टिकून आहेत. तरी ते ९,००० त्याआधीच्या सात वर्षांत झाले नव्हते.

चिकित्सक

म्हणजे ४१,००० शब्द वाया गेले. पहाटवारा यांच्या वहीत ते कोणत्या रकान्यात लिहायचे?

पहाटवारा

काढून टाकलेल्या शब्दांसाठी माझ्या वहीत वेगळा रकाना आहे आणि तोच सर्वांत लांब आहे. विचार करून सांगतो म्हणालो होतो, ते सांगतो: वही मागे घेत नाही. मात्र ती वही दर रविवारी मी एका मित्राला दाखवतो, हे मी आधी लिहायला हवे होते. तो स्वतः काहीच लिहीत नाही. पाहतो आणि परत देतो. एकदा तो तीन आठवडे परगावी होता, त्या तीन आठवड्यांची पाने कोरी आहेत.

शाईचा डाग

म्हणजे आपलाही नोकर होता तर. फक्त रविवारी यायचा.

निशाचर

एक भीती कुणी मांडली नाही, म्हणून लिहितो. कादंबरी तोंडी सांगितली की लिहिण्याची निकड संपते, असा माझा अनुभव आहे. एका कथानकाचे वर्णन मी मित्रांपुढे इतक्या रंगून केले की सर्वांनी वाहवा केली, मी तृप्त होऊन घरी आलो आणि त्यातली एक ओळही आजवर लिहिलेली नाही. तेव्हापासून ‘सध्या काय लिहिता?’ या प्रश्नाला मी पृष्ठसंख्या सांगतो.

दुसरा मसुदा

निशाचर, आमच्या चौघांतही कथानक सांगायला बंदी आहे, ती याच कारणासाठी. अडले कुठे ते सांगता येते. पुढे काय होणार ते नाही.

अर्धविराम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सलग दोन वेळा सर्व प्रतिसाद वाचले.

चिकित्सक यांचे म्हणणे मला पटू लागले होते आणि मंडळ सोडावे, असा विचार आला होता. मग लक्षात आले की मंडळ नसते तर चौथे प्रकरणही झाले नसते. ते मी बैठकीच्या आदल्या रात्री, दुसऱ्या दिवशी वाचायचे आहे म्हणून संपवले होते. पहिल्या बैठकीने मला प्रकरण दिले, आणि पुढच्या तीन बैठकींनी मला तिथेच बसवून ठेवले, असा हिशेब आहे. हिशेब तपासणे हेच माझे काम असूनही तो मला आजवर दिसला नव्हता. काल मंडळातील सर्वांना फोन करून सांगितले की खर्डा पूर्ण होईपर्यंत मी वाचणार नाही, परंतु प्रत्येक बैठकीला येईन आणि आकडा सांगेन. लाकडी पेटीचा आग्रह धरणाऱ्यांना थोडे वाईट वाटले. दुसरा मसुदा यांच्या तीन खुणा मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. पहाटवारा यांच्यामुळे आता वहीही आहे.

आणखी एक गोष्ट. चार बैठकींत माझ्या मंडळाने पेटीचा धातू, तिचे कुलूप, ती कोणत्या खोलीत असावी आणि ती कोणत्या बहिणीला सापडावी, या सर्वांवर चर्चा केली. तिच्यात काय आहे, हे कुणीही विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ते ठाऊक नव्हते. येथे कोरा कागद यांनी एका ओळीत ते विचारले, त्यावर मी काही उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री झोप लागली नाही. पाचव्या प्रकरणाचे १,२०० शब्द आज सकाळी झाले. पेटी पुन्हा लोखंडी केली आहे.

मुद्राराक्षस

पूर्ण झाल्यावर मुद्रिते माझ्याकडे पाठवा. मृत काका लग्नाला आले तर मी त्यांना दारातच अडवीन.

कोरा कागद

म्हणजे पेटी उघडते. पण काय आहे तिच्यात?

अर्धविराम

निशाचर यांचा प्रतिसाद वाचला असल्यामुळे सांगणार नाही. १,२०० शब्द.